रंग कुणाला विचारून घ्यावा?

साडेतीन मुहूर्तांपैकी दसऱ्याचा पुरा आणि पाडव्याचा अर्धा असे दीड मुहूर्त तीन आठवड्यांच्या अंतराने येतात, आणि महाराष्ट्रात मोटारींच्या खरेदीची मोठी धांदल याच दिवसांत उडते. शोरूमच्या दाराशी हार घातलेल्या गाड्या ओळीने उभ्या असतात, पेढ्यांचे पुडे फिरतात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. हौसेला मोल नाही, आणि असूही नये. परंतु या हौसेत एक गोष्ट अगदी घाईत उरकली जाते. ती म्हणजे गाडीचा रंग.

कोणती गाडी घ्यावी याचा खल घरात चार-चार महिने चालतो. ॲव्हरेज किती, हप्ता किती, सर्व्हिस सेंटर घरापासून किती दूर, मागच्या बाकावर आजींचे गुडघे नीट मावतील की नाही, याची सविस्तर चौकशी होते. शेजाऱ्यांचा, मेव्हण्यांचा आणि ऑफिसातल्या जाणकारांचा सल्ला घेतला जातो. रंगाची पाळी येते ती सर्वांत शेवटी, काउंटरवर चेकबुक उघडल्यावर. मग पाच मिनिटांत मतदान होते. चिरंजीवांना काळा हवा असतो, कन्येला लाल, तीर्थरूपांना पांढरा, आणि सौभाग्यवतींना एकही पसंत नसतो. अखेर विक्रेता म्हणतो, "साहेब, रुपेरी लगेच मिळेल, बाकीच्यांना दीड महिना लागेल." आणि रुपेरी रंग बहुमताने मंजूर होतो!

गंमत अशी, की इंजिनाशी आपली गाठ वर्षातून दोनदा, सर्व्हिसिंगच्या दिवशी पडते. रंगाशी ती रोज पडते. शिवाय इंजिनाचे काही बिनसले तर दुरुस्त करता येते. रंग मात्र एकदा घेतला की दहा-बारा वर्षे पदरात पडतो. म्हणूनच यंदा या सदरात रंगाचा विचार करू. कोणता रंग सुंदर, हा प्रश्न आपण बाजूलाच ठेवू. तो ज्याचा त्याने सोडवावा. आपण विचार करायचा तो एवढाच, की निवडलेला रंग पुढे कुणाकुणाला सांभाळावा लागणार आहे.

निवडीचे सुख नवे आहे

रंग निवडायला मिळणे हेच मुळी पूर्वी दुर्मिळ होते. हेन्री फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी 1908 साली आली तेव्हा ती निरनिराळ्या रंगांत मिळत असे. पण 1914 पासून 1925 पर्यंत ती फक्त काळ्या रंगात निघाली. काळे इनॅमल स्वस्त होते आणि टिकाऊ होते, आणि लाखोंनी गाड्या काढणाऱ्याला तेवढे कारण पुरेसे होते. पुढे ड्यूपाँट कंपनीने ड्यूको नावाचा लवकर वाळणारा रंग काढला. 1924 सालच्या ओकलंड गाड्या त्याच्या निळ्या छटेत बाजारात आल्या आणि तेव्हापासून रंगीत गाड्यांचा जमाना सुरू झाला.

आपल्याकडे ही चैन आणखी उशिरा आली. फियाट आणि ॲम्बॅसेडरच्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागल्याचे पत्र आले की जी गाडी दारात येईल तिचा रंग हाच आपला आवडता रंग, असे मानून घ्यायचे. पदरी पडले आणि पवित्र झाले! आज माहितीपुस्तिकेत आठ-दहा रंग दिसतात आणि प्रत्येकाला एखाद्या परदेशी बेटाचे, रत्नाचे नाहीतर तुफानाचे नाव असते. आपल्या आजीला विचारले तर ती त्यांचीच नावे पारवा, बदामी, आमसुली, मोरपंखी आणि राखाडी अशी सांगेल, आणि तेवढ्यात सगळा उलगडा होईल.

रंग म्हणजे काय?

कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर रंग चढतो तो एका थराचा नसतो. आधी पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग संपूर्ण सांगाडा एका हौदात बुडवून विजेच्या साह्याने गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. काही साध्या रंगांना हा शेवटचा थर वेगळा नसतो, पण हल्लीच्या बहुतेक गाड्यांना असतो. एवढे सगळे थर मिळून जाडी किती? मिलिमीटरचा सुमारे आठवा-दहावा हिस्सा. म्हणजे वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवावेत तेवढी! ऊन, पाऊस, धूळ, पक्षी आणि आपली पोरे या सर्वांशी दहा वर्षे झुंजायचे ते एवढ्या पातळ कवचाने.

रंगांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. साधा रंग, ज्याला सॉलिड म्हणतात, त्यात नुसते रंगद्रव्य असते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे मिसळलेले असतात, म्हणून तो उन्हात चमचमतो. मोत्याच्या झाकीचा जो पर्ल रंग, त्यात अभ्रकाचे लेप दिलेले कण असतात. त्यामुळे एका बाजूने तो पांढरा दिसतो आणि दुसरीकडून किंचित निळसर किंवा सोनेरी. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे गॅरेजच्या दारात त्याची किंमत मोजावी लागते.

आता मुद्द्याला येऊ. गाडीचा रंग निवडतो मालक, पण तो रंग सोसावा लागतो दुसऱ्यांनाच. उन्हाला, गाडी पुसणाऱ्याला, रंगाऱ्याला आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्याला. रंग निवडण्यापूर्वी या चौघांचे मत घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे.

पहिले मत उन्हाचे

गडद रंग तापतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण किती तापतो? अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने याचे मोजमाप केले, आणि ते 2011 साली प्रसिद्ध झाले. एकाच जातीच्या दोन होंडा सिव्हिक गाड्या, एक काळी आणि एक रुपेरी, सॅक्रामेंटो शहरात भर उन्हाळ्यात तासभर उघड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. रुपेरी गाडीचे छत काळीपेक्षा 25 अंश सेल्सियसपर्यंत थंड राहिले आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी तापली.

पाच-सहा अंश म्हणजे थोडे, असे पुण्याच्या माणसाला वाटेल. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या माणसाला तसे वाटणार नाही. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि गाडी दुपारभर कचेरीच्या उघड्या आवारात उभी असते, तिथे काळी गाडी घेणे म्हणजे दर संध्याकाळी तव्यावर बसायला जाणे आहे. वातानुकूलन यंत्र आतली हवा निववील, पण तेवढा वेळ लागेल आणि तेवढे इंधनही जळेल. विजेवर चालणारी गाडी असली तर तो भार थेट बॅटरीवर पडतो. काळी फिल्म लावून सुटका करून घेऊ म्हणाल, तर त्याचाही भरवसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी घातली. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. हल्ली दुरंगी गाड्यांची टूम निघाली आहे. अंग पांढरे किंवा लाल आणि छत काळे. दिसायला ती ऐटबाज दिसते, यात शंका नाही. परंतु दुपारचे ऊन सर्वांत अधिक झेलायचे ते छतानेच, आणि तेच काळे केल्यावर पांढऱ्या अंगाचा फायदा बराचसा वाया जातो. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी या बाबतीत शहाणी. अंग काळे आणि टप पिवळा! जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची सेवा 2023 च्या ऑक्टोबरात संपली, पण तिच्या रंगसंगतीतला हा व्यवहार विसरण्यासारखा नाही. दुरंगी घ्यायचीच असेल तर छताचा रंग फिका असेल अशी जोडी पाहावी.

उन्हाने रंग उडतो हे दुसरे दुखणे. जुन्या लाल गाड्या छताकडून आणि बॉनेटकडून फिक्या गुलाबी होत जात, ते पुष्कळांनी पाहिले असेल. आजची रंगद्रव्ये सुधारली आहेत आणि पारदर्शक थरात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात, त्यामुळे ती खोड बरीच कमी झाली आहे. तरीही वर्षानुवर्षे उघड्यावर राहणाऱ्या गाडीचा तो थर कधीतरी पापुद्र्याने सुटू लागतो, आणि गडद गाडीवर ती सोललेली कातडी दुरूनच दिसते.

रंगाने मात्र एक गोष्ट साधत नाही, आणि ती ठासून सांगितली पाहिजे. गाडी पांढरी आहे म्हणून बंद गाडीत मुलाला "दोनच मिनिटे" बसवून जाणे सर्वथा गैर. पांढरी गाडीसुद्धा उन्हात आतून जीवघेणी तापते.

दुसरे मत गाडी पुसणाऱ्याचे

सोसायटीत पहाटे एक गडी येतो. त्याच्याजवळ एक बादली, एक फडके आणि वीस गाड्या असतात. आपल्या गाडीचा नंबर चौदावा असेल, तर तेरा गाड्यांची धूळ त्या फडक्यात आणि त्या पाण्यात आधीच जमा झालेली असते. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याने पत्र्यावर फिरली की पारदर्शक थरावर गोल गोल बारीक ओरखडे उठतात. दुपारच्या उन्हात काळ्या गाडीकडे पाहावे, म्हणजे सूर्याभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखे हे ओरखडे दिसतील. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, पण डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून काळा, गडद निळा किंवा आमसुली रंग घेण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा. गाडी धुणार कोण? आपण स्वतः रविवारी नळीने पाणी मारून, धूळ वाहवून मग मऊ फडक्याने पुसणार असू, तर काळ्या रंगासारखा दुसरा देखणा रंग नाही. पण ते काम त्या बादलीवाल्यावर सोडायचे असेल, तर सहा महिन्यांत त्याचा तजेला उतरेल. त्यात बिचाऱ्या गड्याचा दोष नाही. वीस गाड्यांना वीस बादल्या तो कुठून आणणार? निदान आपल्या गाडीचे फडके वेगळे द्यावे आणि आधी पाणी मारण्याची विनंती करावी. चमक यावी म्हणून डिझेलचे किंवा रॉकेलचे बोट फिरवण्याची जुनी खोड मात्र त्याला करू देऊ नये. तेलकट अंगावर धूळ दुपटीने बसते.

पाणी कसले, हेही पाहावे. अनेक वस्त्यांत बोअरचे जड पाणी येते. ते उन्हात वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके उरतात, आणि गडद रंगावर ते देवीच्या व्रणांसारखे दिसतात.

धूळसुद्धा गावोगावी निराळी. देशावरची मातकट धूळ रुपेरी, पारवा आणि बदामी रंगांवर आठवडाभर लपते. काळ्यावर ती तासाभरात दिसते. कोकणातली तांबडी माती पांढऱ्या गाडीवर अशी उठून दिसते, की गाडी कुठून आली ते सांगावे लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यातला काळा चिखल पांढऱ्याला जसा नकोसा, तसाच रुपेरीलाही. तेव्हा "मळ न दिसणारा रंग कोणता?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आपल्या वाटेवरच्या मातीचा रंग पाहावा आणि त्याच्या जवळपासचा रंग घ्यावा. सारवलेल्या अंगणात वावरणाऱ्या बाया पांढरे लुगडे का नेसत नसत, यातच ते उत्तर आहे.

आणखी एक. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक सगळ्याच रंगांना बाधतात, पण तापलेल्या पत्र्यावर अधिक. उन्हाने वरचा थर किंचित मऊ पडतो आणि निवताना डागाभोवती आवळतो. त्यामुळे डाग धुतला तरी खूण राहते. गाडी रोज कडुनिंबाच्या किंवा पिंपळाच्या खाली लागत असेल, तर रंग कोणताही असो, डाग त्याच दिवशी ओला करून काढावा.

तिसरे मत रंगाऱ्याचे

आपल्या शहरांत गाडीला पहिला ओरखडा लागायला फार दिवस लागत नाहीत. रिक्षाचे हँडल, दुचाकीचा आरसा आणि सोसायटीच्या फाटकाचा खांब ही मंडळी टपूनच असतात. ओरखडा लागला की गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाते आणि खरा हिशेब तिथे सुरू होतो.

साधा पांढरा रंग त्याच्या सर्वांत सोयीचा. दरवाजाचा एक भाग रंगवला तर तो शेजारच्या भागाशी पुष्कळसा जुळतो. मेटॅलिक रंगाचे तसे नाही. त्यातले ॲल्युमिनियमचे पापुद्रे कसे पडतात हे फवाऱ्याच्या दाबावर, अंतरावर आणि रंगाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. रंग तोच, डबा तोच, तरी नवा दरवाजा जुन्या गाडीवर ठिगळासारखा दिसू शकतो. तो फरक झाकण्यासाठी कसबी रंगारी शेजारच्या पत्र्यावरही रंग विरवत नेतो. म्हणजे दुखणे एका दरवाजाचे आणि औषध दोन दरवाजांना! पर्ल रंगात अनेकदा खाली एक रंग, त्यावर मोत्याचा थर आणि त्यावर पारदर्शक थर असे तीन थर जमवावे लागतात. तिथे नाकापेक्षा मोती जड, ही म्हण अक्षरशः खरी ठरते.

कारखान्यात सांगाडा सुमारे 140 अंशांवर भाजून रंग पक्का करतात. त्या वेळी गाडीत ना प्लॅस्टिक असते, ना तारा, ना गाद्या. गॅरेजमध्ये पुरी तयार गाडी असते, म्हणून तिथे 60 ते 80 अंशांवर वाळणारा रंग वापरावा लागतो, आणि साध्या गॅरेजमध्ये तर तीही सोय नसते. म्हणून कारखान्यातला मूळ रंग शक्य तितका जपावा. नखाएवढ्या टवक्यासाठी अख्खा दरवाजा रंगवून घेऊ नये. त्याच छटेची छोटी टच-अपची बाटली मिळते, ती आणून ठेवावी. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र पावसाळ्याची वाट पाहू नये. गंज रंगाखालून पसरतो, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तो दबा धरूनच असतो. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुतेक गाड्यांवर दाराच्या खांबाजवळ किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो. तो लिहून ठेवावा. "पांढरा द्या" म्हणून भागत नाही. पांढऱ्यात मोगऱ्यापासून मोतियापर्यंत किती जाती असतात!

विम्याचाही एक बारकावा आहे. साध्या सर्वंकष विम्यात रंगकामाच्या सामानाच्या किमतीवर निम्मी घट धरतात. शून्य घसाऱ्याची जोड घेतली असेल तरच ती टळते. शिवाय लहानशा ओरखड्यासाठी दावा केला, तर दावा न केल्याबद्दलची जी सवलत 20 टक्क्यांपासून वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते, ती गमवावी लागू शकते. म्हणजे दुरुस्तीला महाग रंग घेतला की दर ओरखड्याला हे त्रैराशिक मांडत बसावे लागते. ज्याची गाडी रोज मंडईच्या गर्दीतून जाते त्याने साधा रंग घ्यावा. ज्याची बंद गॅरेजमधून महामार्गावर आणि महामार्गावरून बंद गॅरेजमध्ये जाते, त्याने मोत्याचा घ्यावा. मॅट म्हणजे बिनचमकीचा रंग घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की त्याला पॉलिश करून ओरखडा काढता येत नाही. पॉलिश केले की तेवढाच तुकडा चमकू लागतो.

चौथे मत समोरून येणाऱ्याचे

या चौघांत ज्याला कुणीच विचारत नाही तो हा. पण याच्या मताला सर्वांत अधिक वजन आहे, कारण इथे पैशाचा प्रश्न नसून जिवाचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने 2007 साली तिथल्या अनेक वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. दिवसाउजेडी काळ्या गाड्यांना अपघाताचा धोका पांढऱ्या गाड्यांपेक्षा सुमारे 12 टक्के अधिक आढळला. राखाडी आणि रुपेरी गाड्याही फारशा मागे नव्हत्या. पांढऱ्याहून निश्चितपणे सुरक्षित असा रंग मात्र एकही सापडला नाही.

सिंगापूरचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे एकाच कंपनीच्या टॅक्सी दोन रंगांच्या होत्या, पाव हिस्सा पिवळ्या आणि बाकी निळ्या. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांची आकडेवारी पाहिली. दर हजार टॅक्सींमागे महिन्याला पिवळ्यांचे अपघात निळ्यांपेक्षा सुमारे सहाने कमी निघाले. चालकांच्या हाकण्यात फरक असेल म्हणावे, तर तोही तपासला, आणि तसा फरक आढळला नाही. मागून येणाऱ्याला पिवळी गाडी लवकर दिसते, आणि लवकर दिसली की ब्रेक वेळेवर लागतो. एवढाच काय तो चमत्कार! अमेरिकेत 1939 साली शाळेच्या बसला पिवळा रंग ठरला तोही पहाटेच्या अंधुक उजेडात ती ओळखू यावी म्हणूनच.

मग लालभडक रंग काय वाईट? दिवसा काहीच वाईट नाही. पण दिवेलागणीच्या वेळी लाल रंग डोळ्यांना काळपट दिसू लागतो, आणि निळे-हिरवे रंग त्या मानाने उजळ वाटतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे टिपून ठेवले. बागेतले जास्वंदीचे फूल संध्याकाळी पाहावे. पाने अजून दिसत असतात आणि फूल मात्र काळोखात बुडालेले असते. लाल गाडीचे तेच होते.

आता हे सारे आपल्या रस्त्यावर आणून पाहा. आषाढातली संध्याकाळ, आंबोलीचा नाहीतर ताम्हिणीचा घाट, धुके उतरलेले, डांबर ओले आणि आकाश राखाडी. अशा वेळी राखाडी किंवा रुपेरी गाडी म्हणजे धुक्यातले धुके. जी गाडी शोरूमच्या झगझगाटात सर्वांत उठून दिसत होती, तीच इथे सर्वांत आधी नाहीशी होते. ज्यांचा नेहमीचा रस्ता घाटाचा आहे, ज्यांना रात्री-अपरात्री एकपदरी रस्त्यांवरून जावे लागते, त्यांनी पांढरा, पिवळा, नारिंगी किंवा तत्सम उजळ रंग घ्यावा. बर्फाच्या मुलुखात पांढरा धोक्याचा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून आपल्या रस्त्यांवर पांढरा निर्धोक. पिवळ्या गाडीला टॅक्सी समजून कुणी हात केला तर हसून पुढे जावे. आपण दिसलो, याचीच ती पावती आहे!

अर्थात रंग हा दिव्याला पर्याय नव्हे. राखाडी गाडी असूनही जो पावसात आणि धुक्यात खाली झोत टाकणारे दिवे लावतो तो, पांढरी गाडी बिनदिव्याची हाकणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित. गाडी गडद असेल तर दिव्याचे बटण जरा लवकर दाबावे, एवढेच.

आणि जाता जाता

पुढच्या मालकाचाही एक शब्द ऐकावा, पण फार नको. गाडी चार-पाच वर्षांत विकायची असेल तर पांढरा आणि रुपेरी यांना गिऱ्हाईक लवकर मिळते, कारण ते कुणाच्या नावडीचे नसतात. दहा-बारा वर्षे ठेवायची असेल तर अज्ञात गिऱ्हाइकासाठी आपली आवड मारण्यात काही अर्थ नाही.

ऑलिव्ह हिरवा, म्हणजे लष्करी गाड्यांचा रंग, खाजगी गाडीला देता येत नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो लष्करासाठी राखून ठेवला आहे. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावर लिहिलेला असतो. म्हणून पुढेमागे रंग बदलावासा वाटलाच, तर आधी आर.टी.ओ.त चौकशी करावी आणि नोंद बदलून घ्यावी, नाहीतर रस्त्यावर हवालदाराला आणि अपघातानंतर विमा कंपनीला उत्तरे देत बसावे लागेल.

आता प्रत्यक्ष निवड. आपल्याकडच्या बायका लुगडे घेताना ते दुकानाच्या दारात नेऊन उजेडात पाहतात. तेवढे केले तरी अर्धे काम झाले. शोरूमच्या दिव्यांखाली प्रत्येक रंग गोडच दिसतो. माहितीपुस्तिकेतल्या चौकोनावरून निवड करू नये. त्याच रंगाची दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी रस्त्यावर शोधावी. एकदा भर दुपारी पाहावी, एकदा दिवे लागल्यावर पाहावी. तिच्या मालकाला नाही, तर ती पुसणाऱ्याला विचारावे. मालक आपल्या निवडीची तारीफ करील, पुसणारा खरे सांगेल. रंगासाठी जादा आकार आहे का, ते लेखी घ्यावे आणि बुकिंगच्या कागदावर रंगाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. ताबा दिवसाउजेडी घ्यावा. दोन शेजारच्या पत्र्यांची छटा जुळते ना, तिरक्या नजरेने पाहावे. वाटेत ठोकर लागून पुन्हा रंगवलेला पत्रा दिव्याखाली ओळखू येत नाही, उन्हात येतो. प्लॅस्टिकच्या बंपरची छटा पत्र्याहून किंचित निराळी दिसली तर मात्र घाबरू नये. मेटॅलिक रंगात तसे होते.

पाडव्याला गाडीची पूजा जरूर करावी. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढावे, हार घालावा. फक्त हार तारेत ओवलेला नसावा आणि कुंकू त्याच संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने टिपून घ्यावे. फटाक्यांच्या रात्री गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून ती उघड्यावर ठेवू नये. एक ठिणगी आच्छादनावर पडली की रंगाचा प्रश्नच मिटतो.

एवढा सगळा विचार करून चिरंजीवांच्या हट्टासाठी काळी गाडीच घरी आली, तरी हरकत नाही. काळ्या रंगाला सावली, आंघोळ आणि दिवे या तीन गोष्टी द्याव्या लागतात. त्या देण्याची तयारी चिरंजीवांकडून पेढे वाटण्यापूर्वीच कबूल करून घ्यावी आणि दर रविवारी सकाळी बादली त्यांच्या हाती द्यावी.

नव्या गाडीला आणि तिच्यात बसणाऱ्या सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!